पोचलेला आवाज

शॉर्टवेव्हवरचे कार्यक्रम टेपवर उतरवून ठेवतो असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. आता सगळं जग मोबाइलवर स्वच्छ ऐकू येतं, मग ही खरखर कशाला साठवता? विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि मला तो प्रश्न आवडतोही, कारण त्याचं उत्तर माझ्याजवळ आहे. मी साठवतो ती खरखरच. तिच्यावाचून या टेपांना किंमत नाही. कार्यक्रमाची मूळ प्रत कुठल्यातरी स्टुडिओच्या कपाटात असेल किंवा नसेल. माझ्या टेपवर आहे ते त्या कार्यक्रमाचं ठाण्यात पोचणं. तो किती थकून आला, वाटेत कुणाशी धक्काबुक्की झाली, कोणतं वाक्य वाटेतच राहिलं, हे स्टुडिओतल्या प्रतीला माहीत नसतं.

आधी त्या वाटेबद्दल. कोलंबो ते ठाणे हे सरळ अंतर साधारण १५०० किलोमीटर. एवढ्या लांबून शॉर्टवेव्हची लहर जमिनीलगत येऊ शकत नाही, पृथ्वीची गोलाई आड येते. ती वर जाते, २५० ते ४०० किलोमीटर उंचीवर आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या भागाचा, जो एफ थर आहे तिथून वळते आणि खाली येते. दिवसा त्याच्याही खाली, ६० ते ९० किलोमीटरवर, डी थर जमलेला असतो. ४१ किंवा ४९ मीटरच्या पट्ट्यांतल्या (ही नावं लहरीच्या लांबीवरून) दूरवरून येणाऱ्या लहरी तो शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर भराभर विरतो आणि दुपारभर मुका असलेला पट्टा बोलू लागतो. तलावपाळीवर दिवे लागायच्या सुमाराला ४१ मीटरवर काटा ठेवून बसावं. आधी नुसती सळसळ असते, मग एक अगदी बारीक आवाज, मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि तासाभरात एवढी गर्दी की काटा केसभर सरकला तरी देश बदलतो.

तीच लहर कधी दोन वाटांनी येते. दोन्ही वाटांनी आलेल्या लहरी इथे भेटतात तेव्हा कधी एकमेकींना बळ देतात, कधी पुसून टाकतात. आयनांबर सतत हलत असल्यामुळे हा खेळ सेकंदासेकंदाला बदलतो; स्टेशन बुडतं आणि वर येतं. कधीकधी पट्ट्यातली एखादी बारीक फटच तेवढी पुसली जाते. ती नेमकी वाहक लहरीवर, म्हणजे आवाज वाहून आणणाऱ्या मुख्य लहरीवर आली, तर आवाज कमी होत नाही, पण फाटतो, घोगरा होतो, शब्द चिरडले जातात. जुन्या श्रोत्यांच्या कानात तो आवाज अजून असेल. टेपवर तो उतरला की त्या संध्याकाळच्या आकाशाची नोंद झाली, आणि ती पुन्हा कुठूनही मागवता येत नाही. आयनांबर सूर्यावर अवलंबून असतं, आणि सूर्यावरचे डाग वाढण्या-घटण्याचं चक्र साधारण ११ वर्षांचं असतं. २०१९च्या अखेरीला ते तळाला होतं, २०२४मध्ये शिखरावर गेलं. त्या दोन्ही वेळच्या टेपा एकापाठोपाठ लावल्या तर १३ आणि १६ मीटरच्या पट्ट्यांवरचा फरक कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. आधीच्या टेपेवर नुसता शुकशुकाट, नंतरच्या टेपेवर दुपारभर बाजार.

मी ज्या टेपेला सर्वांत मौल्यवान मानतो ती माझी नाही. घंटाळीजवळ राहणाऱ्या एका आजोबांनी ती मला ऐकायला दिली. साधी सी-६० कॅसेट, वर निळ्या शाईत फक्त ‘मेलबर्न’ असं लिहिलेलं. फेब्रुवारी १९८१मधला मेलबर्नचा कसोटी सामना. ऑस्ट्रेलियाला जिंकायला १४३ हव्या होत्या, चौथ्या दिवसअखेर त्यांचे ३ बाद २४ झाले होते आणि ११ फेब्रुवारीला शेवटच्या दिवसाचा खेळ सुरू व्हायचा होता. तिथे सकाळचे ११ वाजले की इथे पहाटेचे साडेपाच. आजोबांनी रेडिओ ऑस्ट्रेलियावरचं इंग्रजी समालोचन लावलं, टेपरेकॉर्डरचा माईक रेडिओसमोर उशीवर ठेवला आणि लाल बटण दाबलं.

त्या कॅसेटवर सगळं आहे. समालोचकाचा आवाज लांबून येतो, जातो. मागे स्टोव्ह पेटवल्याचा आवाज. रुळांकडून लोकलचा भोंगा. मध्येच स्टेशन खोल बुडतं, आणि नेमकी त्याच वेळी प्रेक्षकांची गर्जना उठते. गर्जना कळते, पण कोण गेला ते कळत नाही. नाव खरखरीत विरघळून गेलेलं असतं. आणि मग माईकच्या अगदी जवळून, घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून दबलेला, तरण्याबांड आजोबांचा आवाज : ‘कोण गेला? कोण गेला रे?’ त्यांच्या धाकट्या भावाचं उत्तर येतं, ‘थांब ना दादा, सांगेल आता.’ दोघंही गप्प. मग आवाज हळूहळू वर येतो. पुढे एका ठिकाणी बाजू संपते. सी-६०ची एक बाजू ३० मिनिटांची. कॅसेट उलटवेपर्यंत जे काही झालं ते गेलंच. दुसऱ्या बाजूची सुरुवात होते तेव्हा धावफलक पुढे सरकलेला असतो.

त्या दिवशी मांडी दुखावलेल्या कपिल देवने २८ धावांत ५ बळी घेतले, ऑस्ट्रेलिया ८३ धावांत गारद झाली, भारत ५९ धावांनी जिंकला. आकडे सगळीकडे मिळतात. आजोबांच्या टेपेवर काय आहे? ठाण्यातल्या एका दोन खोल्यांच्या घरात ही बातमी कशी आत आली, ते आहे. त्यातला तो दहा-बारा सेकंदांचा बुडालेला भाग मला साऱ्या सामन्याहून मोठा वाटतो. कुणी ती टेप संगणकावर घेऊन, खरखर काढून, स्वच्छ करून मला दिली तर मी ती ठेवून घेणार नाही. खरखर काढणारं सॉफ्टवेअर आधी काय पुसेल? स्टोव्ह, भोंगा आणि ‘कोण गेला रे’.

आपल्याकडच्या जुन्या कॅसेटींत अशा माईकवाल्या मुद्रणांचं प्रमाण मोठं असावं असं मला वाटतं, कारण रेडिओ आणि टेपरेकॉर्डर वेगवेगळे असत आणि दोघांना जोडणारी वायर फारशी कुणाकडे नसे. पुढे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकाच डब्यात असलेले टू-इन-वन आले आणि आवाज आतल्या आत टेपवर जायला लागला. मुद्रण सुधारलं, घर मात्र टेपेतून बाहेर गेलं.

मराठीपुरतं बोलायचं तर मला एक हळहळ कायमची आहे. बीबीसीने १९४२ साली लंडनहून मराठी प्रसारण सुरू केलं आणि १९५८मध्ये थांबवलं. महायुद्ध, स्वातंत्र्य, गांधीहत्या, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची सुरुवात, सगळं त्या वर्षांच्या पोटात येतं. पण तेव्हा आपल्या घरांत टेपरेकॉर्डर जवळपास नव्हतेच. फिलिप्सने कॅसेट जगासमोर आणली १९६३ साली, आणि मध्यमवर्गीय मराठी घरात ती रुळायला पुढे कितीतरी वर्षं गेली. लंडनहून निघालेली मराठी इथल्या खाडीकाठच्या घरात कशी ऐकू यायची, हे ऐकवणारी टेप मी अजून शोधतो आहे. रेडिओ सिलोनचं नशीब त्या मानाने बरं. १९५२ साली केसकर नभोवाणीमंत्री झाले, आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली आणि सारा देश कोलंबोकडे वळला. त्याच वर्षी बिनाका गीतमाला सुरू झाली. आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती काढली तरी सिलोनचे श्रोते सिलोन सोडेनात. ही गोष्ट सर्वांना पाठ आहे, म्हणून इथे वाढवत नाही. सिलोनच्या टेपा निदान लोकांकडे सापडतात, एवढंच.

आता माझ्या साधनांविषयी. घरी मी अकाईचा तीन हेडचा स्पूल डेक, म्हणजे रिळांवर चालणारा टेपरेकॉर्डर, वापरतो. चोर बाजारातून आणला तेव्हा त्याचा पिंच रोलर, म्हणजे टेप दाबून पुढे सरकवणारं रबरी चाक, दगडासारखा कडक झाला होता. कोपरीतल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी तो उघडला, हेडवर नख फिरवून पाहिलं आणि म्हणाले, ‘हेड अजून पन्नास वर्षं जाईल. रोलर तेवढा बदलू. आणि एवढं करताय तर महिन्यातून एकदा स्पिरिटने पुसत जा.’ सात इंची रिळावर १८०० फूट टेप असली आणि वेग सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर ठेवला, तर एका बाजूला दीड तासाहून थोडं अधिक मावतं. याहून जास्त वेगाची गरज नाही. शॉर्टवेव्हवर स्टेशनं ५-५ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असतात, त्यामुळे आवाजातलं ५ किलोहर्ट्झच्या वरचं काही तसंही पोचत नाही. महागड्या क्रोम टेपेचा इथे उपयोग नाही. साधी टेप, स्वच्छ हेड आणि हेडचा बरोबर कोन, एवढं पुरतं.

तीन हेडच्या मशिनची एक गोष्ट मला फार आवडते. पहिलं हेड जुनं पुसतं, दुसरं नवं लिहितं, तिसरं लगेच वाचतं. एक खटका खाली केला की रेडिओतून येणारा आवाज ऐकू येतो, वर केला की टेपवर उतरलेला, क्षणाच्या एका तुकड्याने मागे पडलेला. टेपवर काय जातंय हे त्याच वेळी कानाला कळतं. लेव्हलची मूठ मी सुरुवातीला एकदा लावतो आणि मग हात काढून घेतो. स्टेशन बुडालं तर सुईही बुडू द्यायची. टू-इन-वनमध्ये लेव्हल आपोआप सांभाळणारी व्यवस्था असते; स्टेशन खाली गेलं की ती खरखर वर खेचते, आणि बुडणं-वर येणं ही जी खरी चाल, तीच सपाट होऊन जाते. वीज कडाडली की सुई लाल रेषेच्या पार जाते. टेप अशा वेळी आवाज थोडा दाबून घेते. डिजिटल मुद्रणात मर्यादा ओलांडली की आवाजाचा माथा कापला जातो आणि ते कापणं कानाला टोचतं.

टू-इन-वनची एक खोड सांगितलीच पाहिजे, कारण बऱ्याच जणांनी ती सोसली पण तिचं कारण त्यांना कळलं नाही. स्टेशन छान लागलेलं असायचं. रेकॉर्डचं बटण दाबलं की लगेच बारीक शिट्टी सुरू. आवाज टेपवर नीट बसावा म्हणून मुद्रणाच्या वेळी त्याच्यासोबत कानाला न ऐकू येणारी एक वरची वारंवारता दिली जाते, तिला बायस म्हणतात. ती ५० ते १०० किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि तिच्या पटी रेडिओच्या पट्ट्यात शिरून स्टेशनशी भांडतात. ती शिट्टी त्या भांडणाची. कित्येक सेटांच्या पाठीला ‘बीट’ असं लिहिलेला एक छोटा स्विच असे. तो सरकवला की बायस थोडी हलते आणि शिट्टी कानाच्या बाहेर जाते. तुमच्याकडे असा सेट अजून असेल तर पाठ फिरवून पाहा.

लॅपटॉपवर का नाही, हाही प्रश्न येतो. लॅपटॉप आणि त्याचा चार्जर स्वतःच एवढी खरखर फेकतात की दुबळं स्टेशन त्यांच्या शेजारी जगत नाही. पण मला याहून मोठं कारण आहे. आता अशी यंत्रं मिळतात जी अख्खा पट्टाच्या पट्टा एकदम संगणकावर उतरवतात. नंतर सवडीने त्यातलं कुठलंही स्टेशन उघडून ऐकता येतं. संशोधनाला ते उत्तम आहे, आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण टेपवर एकच स्टेशन मावतं. त्या घटकेला काय ऐकायचं हे ठरवावं लागतं, बाकीची सोडावी लागतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या श्रोत्यानेही तेच केलं होतं. त्याची टेप ऐकताना त्याने काय निवडलं तेही ऐकू येतं, आणि मला ते ऐकू येणं हवं आहे.

ठाण्यात हे सगळं करणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे, आणि त्याचा दोष आकाशाला देता येत नाही. एलईडीचे दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्टची यंत्रणा, वायफाय, प्रत्येक घरातून थोडी थोडी खरखर बाहेर पडते आणि पंचवीस मजल्यांच्या इमारतीत ती सगळी एकत्र येते. नौपाड्यातल्या जुन्या घराच्या गॅलरीत पंधरा मीटर तांब्याची तार टाकली की पुरायचं. घोडबंदर रोडवर राहायला गेल्यापासून तीच तार बाहेर कमी आणि इमारतीचं जास्त ऐकते. म्हणून आता बॅटरीवरचा टू-इन-वन आणि तारेचं भेंडोळं घेऊन मी गायमुखच्या बाजूला खाडीकाठी जातो. तिथे खरखर एकदम खाली बसते. तार एखाद्या झुडपावर टाकायची, सेट चटईवर ठेवायचा, आधी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ आणि मीटर बोलून घ्यायचं. जुने डीएक्सर, म्हणजे दूरची स्टेशनं पकडण्याचा छंद असलेले श्रोते, वेळ नेहमी जागतिक वेळेत लिहीत, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. मीही तसंच बोलतो. म्हणजे टेप कुणाच्याही हाती पडली तरी त्याला ताळा करता येईल.

घरी मात्र एक संधी अधूनमधून चालून येते. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस येऊन गेला की कधीतरी पूर्ण परिसराची वीज जाते. लोक बाल्कनीत येतात, लिफ्ट थांबतात, आणि शॉर्टवेव्हवरून जणू कुणी जाड गोधडी उचलून घेतो. जिथे भिंतीसारखी खरखर होती तिथे खालून पाच, सात, दहा स्टेशनं वर येतात. लांबच्या विजांचे तडाखे असतात, पण ते सुटे सुटे; त्यांच्या मधल्या फटींतून सगळं ऐकू येतं. मी सेल घातलेला टू-इन-वन अशा वेळेसाठी तयारच ठेवतो, आत कोरी कॅसेट घालून. वीज परत आली की टेपेवर ते स्पष्ट कळतं. सोसायटीत आनंदाचा गलका होतो आणि त्याच क्षणी आकाश बंद होतं. हा आवाजही मी जपून ठेवला आहे, कारण २०२०नंतरच्या ठाण्यात रेडिओ ऐकणं म्हणजे काय होतं, हे त्याहून नेमकं दुसरं काही सांगू शकणार नाही.

आणि आता ऐकण्यासारखं उरलंय ते झपाट्याने कमी होतंय. डॉइचे वेलेने २०११मध्ये हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण थांबवलं. रेडिओ नेदरलँड्स आणि रेडिओ कॅनडा इंटरनॅशनलने २०१२मध्ये शॉर्टवेव्ह सोडली. आजोबांची ती रेडिओ ऑस्ट्रेलिया ३१ जानेवारी २०१७ला या लहरींवरून उठली. बीबीसी हिंदी १९४०पासून होती. ३१ जानेवारी २०२०च्या संध्याकाळी शॉर्टवेव्हवरून तिने निरोप घेतला. ती सभा देशभर कितीतरी जणांनी टेप केली असेल, मीही केली. निवेदकांनी नीट निरोप घेतला, श्रोत्यांचे आभार मानले. अशी शेवटची सभा जपली जातेच.

पण व्हॉइस ऑफ अमेरिका मार्च २०२५मध्ये जशी अचानक गप्प झाली, त्याने मला एक गोष्ट फार जोरात शिकवली. १९४२पासून चाललेलं प्रसारण, आणि निरोपाची सभाच झाली नाही. नेहमीच्या मीटरवर काटा ठेवला तर तिथे काही नव्हतं. माझ्याकडे होती ती त्याच्या थोडी आधीची एक बिनमहत्त्वाची टेप : साध्या बातम्या, हवामान, एक मुलाखत, मध्ये चिनी स्टेशनची घुसखोरी. ती मी पुसून त्यावर दुसरं काही घेणार होतो. आता ती पुसायची नाही. शेवटचे दिवस सगळेच टेप करतात. मधले दिवस कुणीच करत नाही. म्हणून अलीकडे मी ठरवून साधे दिवस टेप करतो. रोमानियाचं इंग्रजी प्रसारण, कुवेत, व्हिएतनाम, आणि ऐकू येईल तेव्हा आपली आकाशवाणी. सभा सुरू होण्याच्या काही मिनिटं आधीच बटण दाबायचं, म्हणजे स्टेशनची ओळखधूनही येते. आकाशवाणीची धून नाझींपासून जीव वाचवून मुंबईत आलेल्या वॉल्टर काउफमन यांनी बांधली. डॉइचे वेलेची धून बेथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’मधली होती, रेडिओ ऑस्ट्रेलियाची ‘वॉल्ट्झिंग मटिल्डा’. श्रोत्याला काटा नीट बसवायला वेळ मिळावा म्हणून त्या पुन्हा पुन्हा वाजत. रिळावर त्यांचा एक वेगळाच परिणाम होतो. टेपेचा एक वेढा शेजारच्या वेढ्याला किंचित चुंबकवतो, त्यामुळे धून सुरू होण्याच्या क्षणभर आधी तिची अगदी फिकट सावली ऐकू येते. रीळ शेवट बाहेर ठेवून गुंडाळलं तर ही सावली धुनीच्या मागे जाते आणि कमी जाणवते.

ठाण्याची हवा टेपेला मानवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसू लागते. मी टेपा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो आणि पावसाळ्यात कपाटात एक छोटा बल्ब लावून ठेवतो. स्पीकर आणि चुंबकाचं फ्रिजवरचं खेळणं त्या कपाटाच्या जवळ येऊ देत नाही.

तुमच्या माळ्यावर कुणी टेप केलेल्या कॅसेटी असतील, तर त्या मशिनमध्ये घालून लगेच वाजवू नका. बुरशी असेल तर ती हेडवर घासली जाते आणि टेपही खरवडली जाते. आधी खिडकीतून नीट बघा, बुरशी असेल तर जाणकाराच्या हाती द्या. टेप कोरडी आणि स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतील. मग हेड स्पिरिटने पुसून वाजवा आणि संगणकावर घेताना खरखर काढणारं कुठलंही बटण दाबू नका. जसं आहे तसं, सुरुवातीच्या रिकाम्या फितीपासून शेवटच्या खटक्यापर्यंत. वर काय लिहिलंय त्याचा फोटो काढा. घरात कुणाला ते दिवस आठवत असतील तर त्यांना जवळ बसवा आणि ऐकू येणारा प्रत्येक आवाज कुणाचा ते विचारून लिहून घ्या. आणि हे सगळं करण्याआधी, अगदी आज, कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही छोटे प्लास्टिकचे टॅब तोडून टाका. ते तुटले की त्या कॅसेटवर रेकॉर्डचं बटण दबत नाही.